भिंतीतलं इंजिन

४ एप्रिल

चि. चिमणीस,
वहिनीचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्या वृद्धनिवासात बाबांसाठी खोली राखून ठेवलीस, खिडकीतून बाग दिसते, तुझ्या हॉस्पिटलमधून ड्यूटी संपली की चालत जाता येतं, हे सगळं तुझ्या दादाला वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं. औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांना कुठली गोळी कधी घ्यायची ते समजावतो, घरी आला की तोंडाला कुलूप. महिनाअखेरीस बाबांना तुझ्याकडे पोचवायचं ठरलंय, एवढंच म्हणाला.

बाबांचं इंजिन चालूच आहे. परवा मला परत म्हणाले की भिंतीत कोणीतरी गाडी चालू ठेवून गेलंय, डिझेल फुकट जळतंय, त्याला जरा सांग. मी म्हटलं सांगते. दुसरं काय म्हणणार? जन्मभर बस चालवलेल्या माणसाला आणखी कशाचा भास होणार, असं तू मागे लिहिलं होतंस, ते पटतं. तरी त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मीही एकदा भिंतीकडे वळून बघितलं.

आता माझं दुखणं ऐक. बाबांच्याच खोलीत, बाहेरच्या बाजूच्या भिंतीला मोठा तपकिरी डाग पडलाय. आतून लावलेला जिप्सम बोर्ड फुगून आलाय आणि कडेचा कागद सुटलाय. नळवाल्याला बोलावलं. त्याने ठोकून बघितलं आणि या भिंतीत पाइपच नाही तर गळणार काय, असं मलाच विचारून निघून गेला. बोर्डवाला कारागीर म्हणतो पुढच्या महिन्यात बघू. मी ठरवलंय, मीच बदलते. बोर्ड म्हणजे काय, दोन जाड कागदांमध्ये खडूसारखी पांढरी माती. आयुष्यभर लोकांच्या मापाचं कापड कापलं, एका भिंतीचं माप नाही घेता येणार?

एकच कळत नाही. डाग बोटाला चिकट लागतो आणि मुंग्यांची रांग थेट तिथेच जाते.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे, त्याला फक्त ओल लागू देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

९ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वाचून आधी हसले, मग घाबरले. मागे तू स्वतःच्या हाताने फळी लावली होतीस, तिच्यावर ठेवलेली बरणी अजून घरंगळते, हे विसरलीस का? असो. करणारच असशील तर करवत लावण्याआधी त्या खोलीतली वीज बंद कर. आणि धूळ उडेल, बाबांना बाहेर बसव.

वहिनी, इंजिनाचं मनावर घेऊ नकोस. मी डिसेंबरात आले होते तेव्हा त्यांच्या समाधानासाठी भिंतीला कान लावून बघितला होता. काहीही नव्हतं. रोज असे पेशंट बघते मी. आधी आवाज येतात, मग माणसं दिसतात. आणि नुसतं इंजिन असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी गॅस उघडा ठेवला होता. ड्यूटी लागली म्हणून बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले होते आणि तुला शेजाऱ्यांनी बोलावून नेलं होतं. तू दिवसभर शिवणाच्या दुकानात, दादा त्याच्या. तिकडे त्यांच्याजवळ कोण? इथे निदान चोवीस तास कोणीतरी असेल. मला काही हौस नाही त्यांना परक्या खोलीत ठेवायची.

त्यांचे लोकरीचे मोजे आणि दाढीचं सामान आठवणीने बांध. आईचा फोटो शेवटी, त्यांच्यासमोर नको.

माझ्यावर रागावली असशील तर राग धर, पण माया सोडू नकोस.

तुझी,
चिमणी

१४ एप्रिल

चि. चिमणीस,
वहिनीचे अ. आ. वि. वि.

खाली बसून वाच. हातात चहा असेल तर आधी बाजूला ठेव.

रविवारी सकाळी तुझं ऐकून वीज बंद केली, पलंग ओढला, बाबांना बाहेर वर्तमानपत्र देऊन बसवलं. डाग जिथे सगळ्यात गडद होता तिथे मी तळहात टेकला, ओल किती आहे ते बघायला. चिमणे, भिंत कोमट होती. त्या बाजूला सकाळी ऊन येतच नाही. झोपलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवावा, तशी ऊब. मी हात काढला, परत ठेवला, तेव्हा हाताला बारीक थरथर कळली. मग कान लावला.

इंजिन चालू होतं. बस उभी करून ड्रायव्हर चहा प्यायला उतरलाय आणि बंद करायचं विसरलाय, अगदी तसं. बाबा सांगतात तसं, शब्दाला शब्द.

तुझ्या दादाला ओरडून बोलावलं. त्यानेही कान लावला. म्हणाला, फ्रिज असेल. गेला, स्वयंपाकघरातल्या फ्रिजची पिन स्वतः काढून आला, परत कान लावला आणि तसाच राहिला. माझ्याकडे बघेना. त्याचा चेहरा असा मी लग्नाच्या दिवसानंतर तेव्हाच बघितला.

मी बोर्डात पोस्टकार्डाएवढी खिडकी कापली. तुकडा अलगद उचलून टॉर्च मारला. आत सोनेरी तपकिरी मखमल होती आणि ती हलत होती. उलट्या हाताने मखमलीवरून हात फिरवला की जशी लाट जाते, तशी लाट वरपासून खालपर्यंत गेली. मला कळायला वेळ लागला की त्या मखमलीची प्रत्येक लव म्हणजे एक मधमाशी आहे. एक बाहेर आली, कापलेल्या कडेवर चालली, दार कोणी तोडलं ते बघावं तशी इकडेतिकडे वळली आणि आत निघून गेली. मी तुकडा परत लावून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. देवळात न जाणारी बाई मी, पण तिथे माझ्याकडून आपोआप हात जोडले गेले.

डाग म्हणजे मध! उन्हाळ्याने वितळून बोर्डात मुरलेला. तुझ्या दादाने बोट लावून चाटून बघितलं. पावाच्या पाकिटावरची तारीख चष्मा लावून तपासणारा माणूस, भिंत चाटत उभा!

बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं म्हणतील, बघा, मी सांगत नव्हतो? तसं काही नाही. त्यांनी विचारलं, माश्या? मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, माश्या? गाडी नाही? मग खुर्चीत बसले आणि म्हणाले की अरेरे, मी इतके दिवस त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या. आणि लहान मुलासारखं तोंड उघडं टाकून त्या भिंतीकडे बघत राहिले.

मागच्या बोळात पावसाच्या पन्हळीआड जुना पाइप काढल्याचं भोक राहिलंय, त्यातून त्यांची ये-जा. आपण कोणी त्या बोळात फिरकतो का? मधमाश्या पाळणाऱ्या एक बाई शोधल्या, त्या गुरुवारी येतात. फवारा मारू नका आणि भोक बुजवू नका, एवढं त्यांनी बजावलंय. थंडीत माश्या गोळा होऊन जवळजवळ गप्प असतात, म्हणून डिसेंबरात तुला काही ऐकू आलं नसेल, असंही म्हणाल्या.

बाकी सगळं तसंच आहे, फक्त कशावरच पूर्वीसारखा विश्वास बसत नाही. तुझ्यावर आहे, तो तेवढा जप.

तुझी,
वहिनी

१९ एप्रिल

चि. चिमणीस,
बाबांचे अ. आ.

पत्र लिहायची सवय सुटली. अक्षर खड्ड्यांच्या रस्त्यावरून चालवल्यासारखं येईल, सांभाळून घे. विसरायच्या आत लिहून टाकावं म्हणून सूनबाईकडून कागद मागून घेतला.

मधवाल्या बाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांनी भिंतीवर हात फिरवून ऊब कुठून कुठपर्यंत आहे ते बघितलं आणि पेन्सिलने रेघ काढली. मला वाटलं, पोस्टकार्डाएवढी असेल. रेघ छताजवळ सुरू झाली आणि खिडकीच्या खालपर्यंत आली. मी ज्या भिंतीला डोकं लावून झोपायचो ती सगळी.

त्यांनी धुराच्या भांड्यातून थोडा धूर दिला, सूनबाईने कडेकडेने बोर्ड कापला आणि दोघींनी मिळून तो अख्खा खाली उतरवला.

चिमे, मी जन्मभर पहाटेच्या गाड्या काढल्या. डोंगरातल्या रस्त्यावर ढगांच्या वर सूर्य उगवताना बघितलाय. पण असं नाही बघितलं. लाकडाच्या दोन उभ्या दांड्यांमध्ये मेणाचे पडदे लटकत होते, माणसाच्या उंचीचे, एकामागे एक. नवे कागदासारखे पांढरे, जुने झिजलेल्या टायरसारखे काळे. प्रत्येक दोन पडद्यांमध्ये बरोबर एवढीच वाट की दोन्ही बाजूंनी माश्या जाव्यात आणि कोणाला कोणाचा धक्का लागू नये. इतका नीट रस्ता माणसाने बांधलेला माझ्या चाकाखाली कधी आला नाही. जिथे काम अपुरं होतं तिथे माश्या एकमेकींचे पाय धरून साखळ्या करून लोंबत होत्या. कोणी मुकादम नाही, कोणी शिट्टी मारत नाही. अंधारात, माझ्या उशाशी, हे चाललं होतं.

तुझा दादा दारातूनच बघत होता. त्याच्या कानाला एक चावली तरी तो हलला नाही. त्या दिवशी त्याने दुकान उघडलंच नाही.

बाईंनी राणीमाशी शोधली, चिमुकल्या पिंजऱ्यात घातली आणि माश्यांना न्यायची लाकडी पेटी लावून होईपर्यंत धरा म्हणून माझ्या हातात दिली. मी धरली. मग बाकीच्या माझ्या हातावर यायला लागल्या. बोटं झाकली, मनगट झाकलं. त्यांना वजन असतं, चिमे. गरम असतात. गिअरच्या दांड्यातून इंजिन हाताला कळतं ना, तसं त्या माझ्या कोपरापर्यंत कळत होत्या. एकही चावली नाही. पिंजरा परत घेऊ का, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या थोडा वेळ.

नंतर पिंजरा पेटीत ठेवला आणि पेटीला फळी लावली. मग त्या आपण होऊन फळीवरून चालत पेटीत शिरायला लागल्या. सगळ्या. दुपारभर. एवढी माणसं मी आयुष्यात बसमध्ये चढवली नसतील, आणि एकीने दुसरीला ढकललं नाही.

खोलीत आता शांत आहे. ती शांतता मला आवडलीय असं नाही.

माझे आणि तुझ्या आईचे आशीर्वाद. (आईचे लिहून गेलो. खोडत नाही, राहू दे.)

बाबा

२५ एप्रिल

ती. सौ. वहिनीस आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र वॉर्डात उभ्याउभ्या उघडलं आणि तशीच स्टुलावर बसले. मग मोठ्याने वाचलं. आमच्या कडक मेट्रनबाई औषधांची गाडी ढकलायची थांबवून ऐकत होत्या. कोपऱ्यातल्या आजी, ज्या आठवडाभर कोणाशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या, त्यांनी राणीचं पुढे काय झालं ते विचारलं.

वहिनी, पुढचं फक्त तुझ्यासाठी. नसलेले आवाज ऐकू येतात, असं मी स्वतः निवासाच्या कागदावर लिहून दिलंय. तेवढं मी उद्याच खोडून येते. पण आपण सगळे आत्ता भारावलोय आणि भारावलेल्या माणसांनी निर्णय घेऊ नयेत. आवाज खरा होता, गॅसही खराच उघडा होता. आणि आईचे आशीर्वाद बघितलेस ना? खोली अजून राखलेली आहे, या महिन्यात हो किंवा नाही कळवायचंय. मला काय करावं सुचत नाही. मी नेहमी सुचवणारी, पण आज हात टेकले. दादाला म्हणावं, जन्माला आल्यापासून जपून ठेवलेले शब्द आता खर्च कर.

तुम्हा सगळ्यांच्या मायेवर हक्क सांगणारी,
चिमणी

१८ मे

चि. चिमणीस,
वहिनीचे अ. आ. वि. वि.

फोनवर हो-नाही कळवलं, पण नीट असं काही सांगितलंच नाही. आज भिंतीला शेवटचा हात लागला, आता लिहायला बसले.

तुझं पत्र मिळालं त्या संध्याकाळी तुझा दादा उघड्या भिंतीसमोर बसला होता. मेण खरवडून, गरम पाण्याने धुऊन मी ती वाळायला सोडली होती, आणि लाकडावर पडद्यांच्या रेषा उमटलेल्या दिसत होत्या. मी तुझं म्हणणं सांगितलं. मग म्हणाला की बाबांनी सांगितलं तेव्हा कान लावून बघायला मला तीन वर्षं लागली, अजून ते काय काय सांगतायत ते मला ऐकायचंय, ते कुठेही जायचे नाहीत. एवढं बोलून उठला आणि भोक बुजवायला सिमेंट आणायला गेला. लग्न झाल्यापासूनचं त्याचं हे सगळ्यात मोठं भाषण.

डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, कान तरुण माणसाला लाजवतील असे आहेत, विसरणं मात्र खरं आहे आणि वाढत जाणार. औषध दिलंय. दिवसा कोणीतरी जवळ हवं हे तुझं बरोबरच होतं. म्हणून मी शिवणाचं दुकान सोडलं आणि शिलाई मशीन बाबांच्या खोलीत आणलं. गिऱ्हाइकं इथेच येतात. मशीन चालू असलं की ते निवांत डुलकी काढतात, थांबलं की डोळे उघडून कुठला स्टॉप आला ते विचारतात. गॅसला तुझ्या दादाने कुलूप लावता येईल अशी चावी बसवून घेतली.

आता माझी फजिती. नवा बोर्ड वरचा कागद सुरीने चिरून नीट कापला, विजेच्या बटणासाठी चौकोनही कापला, दोघांनी उचलून लावला, तर चौकोन भिंतीच्या भलत्याच टोकाला! मी माप सुलट बाजूने घेऊन उलट बाजूवर आखलं होतं. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ मुलीने बाही उलटी जोडावी तसं. तुझा दादा हसता हसता जमिनीवर बसला. दुसरा बोर्ड आणावा लागला. पहिल्याचा उरलेला भाग खालच्या पट्टीला लावून टाकला, तेव्हा आता ती बरणी घरंगळण्याची गोष्ट कोणाला सांगू नकोस.

स्क्रू कागद न फाडता जेमतेम आत जायला हवेत, ते जमलं. सांध्यांवर कागदी पट्टी, तिच्यावर लुकण, म्हणजे पुट्टी, वाळलं की आणखी रुंद हात. घासायचं काम बाबांनी घेतलं. डोळे मिटून तळहात फिरवायचे आणि उंचवटा लागला की तिथेच पॉलिश पेपर घासायचे. एकदा हात फिरवता फिरवता थांबले आणि विचारलं, इथे काही गरम होतं का गं? मी सांगितलं. त्यांचे डोळे असे मोठे झाले, चिमणे, जसे त्या गुरुवारी झाले होते. माझ्या हातातलं लुकण वाळून गेलं, पण मी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

सुट्टी मिळाली की ये. भिंत बघ, मग माणसं बघ, आणि दोन्ही आवडली तर जास्त दिवस राहा.

तुझी,
वहिनी

२ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
दादाचे अ. आ.

माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. तुझी वहिनी म्हणाली की ही गोष्ट तूच लिही.

तू दर सुट्टीला येतेस तेव्हा बाबा बरे असतात, म्हणून तुला पुरतं कळत नसेल. मधमाश्यांचं ते सगळं विसरले. तुला पत्र लिहिलं होतं, हेही आठवत नाही. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला दुकानात गिऱ्हाइकासमोर रडू आलं. एवढं मोठं बघितलेलं असं पुसून जावं!

मग मी दुकान बंद करून आलो की त्यांच्याजवळ बसून रोज सांगायला लागलो. मला कधी गोष्ट सांगता येत नव्हती, तुला माहीत आहे. आता येते. भिंत कोमट कशी होती, बोर्ड उतरला तेव्हा पडदे कसे दिसले, राणी कोणी धरली. ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकतात. आपण एकदाच थक्क झालो, चिमणे, आणि ते रोज संध्याकाळी होतात. माझाही हात रोज तसाच शहारतो. राणी कोणी धरली ते सांगितलं की विचारतात, खरंच? मी? आणि लाजतात.

मधवाल्या बाईंकडे त्यांना दोनदा नेलं. त्या पेटीच्या आता दोन पेट्या झाल्यात.

काल मी घरी आलो तर त्यांनी मला ओळखलं नाही. असं अजून झालं नव्हतं. मी दारातच उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि परक्या पाहुण्याला म्हणावं तसं आदराने म्हणाले की या, बसा, घाईत नसाल तर थोडा वेळ थांबा, माझा मुलगा आता येईल, त्याला एक गोष्ट येते, काय आहे ते मला आठवत नाही, पण ऐकल्याशिवाय जाऊ नका.

मी चपला काढल्या आणि बसलो.

तुझा,
दादा